तेल पिणारी लाल दांडी

“रिकामा!” धनश्रीने तेलाचा डबा उलटा धरून झटकला. एक थेंब पडला, तोही सत्यमच्या डोक्यावर.

“चोरी!” सत्यम ओरडला. सत्यम अकरा वर्षांचा होता, आणि त्याच्या मते जगात जे काही संपतं ते चोरीला जातं. दिवाळीच्या सुट्टीबद्दलही त्याला हाच संशय होता.

“हळू बोल!” त्याची मोठी बहीण स्वप्नाली म्हणाली. “आधी बघू, तेल गाडीत गेलंय का.”

तिघं लिंबागणेशला, आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या जीपभोवती उभी होती. स्वप्नाली आणि सत्यम आप्पांची नातवंडं, धनश्री शेजारची. धनश्रीला वस्तू उघडायचा नाद होता. तिने घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडून परत बसवलं होतं. ते अजून चालतं, फक्त उलटं.

आप्पा जनावरांचे डॉक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी डोंगरातल्या म्हशींपर्यंत पोचली नव्हती. त्यामुळे दर शुक्रवारी आप्पा जीप घेऊन वस्त्यांवर जायचे. तिकडे रस्ता नाही, फक्त रस्ता असल्याची अफवा आहे. जीप त्या अफवेवरही चालायची.

मग उन्हाळ्यात आप्पांचा पाय मोडला. आता पाय बरा झाला होता, पण जीप बिघडली होती. मोठ्या रस्त्याला लागली की ती कोल्ह्यासारखी केकाटायची. मांजरसुंब्याच्या चौकात तर दोन कुत्र्यांनी तिला उत्तरही दिलं होतं!

“दारात भुताची गाडी असल्यावर मला मतं कोण देणार?” असं म्हणून आप्पांच्या मुलाने, विजयसिंहकाकांनी, भंगारवाल्याला सांगावा धाडला. काका निवडणुकीला उभे राहणार होते. कोणत्या, ते अजून ठरलं नव्हतं. भंगारवाला उद्या दुपारी येणार होता. काकांची नवी पांढरी गाडी डोंगराच्या पायथ्याशीच थांबायची, कारण पुढे तिच्या पोटाला दगड लागायचे.

“जीप गेली की आप्पांचं वस्तीवर जाणं संपलं,” स्वप्नाली म्हणाली. “काल ते पत्ते खेळताना मला जिंकू देत होते. आप्पा! मला!”

हे ऐकून धनश्रीने बाह्या वर केल्या. “मग जीप जाणार नाही. चल, आप्पांना विचारू.”

आप्पांना विचारायचं म्हणजे ओरडायचं. त्यांना कमी ऐकू यायचं आणि कानातलं यंत्र ते सणावारालाच लावायचे.

“आप्पा! जीप ओरडतेय!” स्वप्नाली ओरडली.

“मला तर काहीच आवाज येत नाही,” आप्पा म्हणाले. “पण ओरडत असेल तर ओव्हरड्राइव्ह बघा. लाल मुठीची दांडी आहे ना, तिचा तो डबा. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला.”

“तो काय करतो?”

“चौथ्या गिअरच्या पुढचा गिअर समज. सपाट रस्त्यावर वेग धरला की क्लच दाबून दांडी मागे ओढायची. चाकं तेवढीच पळतात, इंजिन मात्र निवांत होतं. पण त्या डब्याचं पोट वेगळं असतं, बरं का! गिअरबॉक्सचं तेल त्याला मिळत नाही. कोरडा पडला की केकाटतो. म्हणून मी दर शनिवारी गाडीखाली झोपून त्याचं तेल बघायचो. आता आपल्या ड्रायव्हरला, बबनला सांगितलंय. तो घालतो न चुकता!”

धनश्रीने चाकांना दगड लावले, पाना घेतला आणि ती जीपखाली शिरली. खालून कुरकुर ऐकू आली, मग झाकणाचा बोल्ट निघाल्याचा आवाज.

“आप्पा म्हणाले, भोकाच्या काठापर्यंत तेल हवं,” स्वप्नाली वाकून म्हणाली. “बोट घाल!”

“घातलं.” तिने बोट आत फिरवलं. “कोरडं! आत तळाशी असलं तर असेल, बोटाला काही लागत नाहीये.”

धनश्री बाहेर आली आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बबनमामा दर शनिवारी तेल घालतात. तेलाचा डबा रिकामा होतो. आणि पोट कोरडं!

“मी म्हणत नव्हतो?” सत्यम म्हणाला. “चोरी!”

“उद्या शनिवारच आहे,” स्वप्नाली म्हणाली. “मामा सकाळी नवा डबा आणणार आहेत. आपण पाळत ठेवायची.”

सकाळी तिघं शेडमधल्या कडब्याच्या पेंढ्यांमागे बसली. सत्यमने वेश बदलला होता, म्हणजे त्याने टोपी उलटी घातली होती.

“कडबा नाकात जातोय,” तो कुजबुजला.

“मग नाक बाहेर ठेव!”

तेवढ्यात दार करकरलं. ड्रायव्हर बबनमामा आत आले. अंघोळ केलेले, कपाळाला गंध, एका हातात तेलाचा नवा डबा आणि दुसऱ्या हातात रुईच्या पानांची माळ. त्यांनी चपला बाहेर काढल्या. जीपचं दार उघडलं. लाल मुठीच्या दांडीला माळ घातली. मग डोळे मिटून मनापासून, हात आखडता न घेता, तिच्यावर तेलाची धार धरली!

तेल मुठीवरून दांडीवर, दांडीवरून पायाखालच्या चटईवर आणि चटईवरून जमिनीत गेलं.

“थांबा!” तिघं एकदम बाहेर पडली. कडब्याची गंजीही पडली.

बबनमामांनी डबा छातीशी धरला. “आरं देवा! कावून घाबरवता रं पोरांनो?”

“मामा, तुम्ही हे काय करताय?”

“शनिवार हाय. तेल वाहतोय.”

“दांडीला?”

“दांडी म्हणू नका, ताई,” बबनमामा आवाज खाली आणून म्हणाले. “लई कडक देवस्थान हाय. लाल रंग बघा की. आप्पा मोठ्या रस्त्याला लागले की ह्याला हात लावायचे अन् गाडी गपगार व्हायची. दर शनिवारी तर गाडीखाली लोटांगण घालायचे. मी सोता बघितलंय! पाय मोडल्यावर मला म्हणले, ‘बबन, ओव्हरड्राइव्हला शनिवारचं तेल चुकवू नकोस.’ आता शनिवारी तेल कुणाला लागतं, तुमीच सांगा!”

“मारुतीला,” सत्यम म्हणाला. त्याला हे सगळं पटू लागलं होतं.

“मंग!”

स्वप्नालीने कपाळावर हात मारला. आप्पा दर शनिवारी पलंगावरून विचारायचे, ‘बबन, तेल घातलंस?’ आणि बबनमामा उत्तर द्यायचे, ‘भरपूर, आप्पा!’ दोघंही खरं बोलत होते. उपाशी होता तो फक्त गाडीखालचा डबा.

“आणि मामा, गाडी चालवताना ही दांडी ओढता कधी?” धनश्रीने विचारलं.

“मनात येईल तवा. घाटात तर हमखास. घाटात देव आठवतो ना. दोन्ही हातांनी नमस्कार करून ओढतो.”

“दोन्ही हातांनी? मग स्टिअरिंग?”

“गुडघ्यात धरतो की!”

धनश्रीने पाना उचलला.

बबनमामांना जीपखाली नेऊन तो डबा दाखवावा लागला. मामा बराच वेळ उताणे पडून बघत राहिले. “म्हंजे आप्पा लोटांगण घालत न्हवते?” त्यांनी हळूच विचारलं. मग बाहेर येऊन त्यांनी माळ काढली आणि म्हणाले, “सांगा, काय करू? माझ्यामुळं आप्पांची गाडी भंगारात जाता कामा न्हाई.”

“आधी खालचा बोल्ट काढून जुनं तेल काढू,” धनश्री म्हणाली. काळं, चमचाभर तेल बाहेर आलं. तिने ते पांढऱ्या चिंधीवर चोळून उन्हात धरलं. आतल्या गिअरचे दात झिजले असते तर त्यात लोखंडाचा चुरा चमकला असता.

“नाही चमकत!” स्वप्नालीने उडी मारली. “दात शाबूत आहेत!”

खालचा बोल्ट परत आवळला. पण नवं तेल घालायचं कसं? भोक आडवं, डब्याच्या कुशीत. तेलाचा डबा तिरका केला की तेल थेट धनश्रीच्या कानात!

“माणसाला चमच्यानं पाजतात,” सत्यम विचारात पडून म्हणाला. “बैलाला कशानं पाजतात?”

स्वप्नाली पळत गेली आणि आप्पांच्या पेटीतली बैलाच्या औषधाची भलीमोठी पिचकारी घेऊन आली. पुढे रबरी नळी, नळीचं टोक भोकात. बबनमामा दट्ट्या दाबत होते आणि सवयीने म्हणत होते, “पी राजा, पी... गुणाचा हाय...”

जीप प्यायली. काठापर्यंत भरून तेल बाहेर ओघळू लागलं, तेव्हा धनश्रीने बोल्ट घट्ट आवळला.

दुपारी विजयसिंहकाका भंगारवाल्या रामप्रसादला घेऊन आले. दारात आप्पा जीपच्या पुढच्या सीटवर काठी धरून बसले होते. मागे तिघं हाताची घडी घालून.

“काका, कपिलधारपर्यंत एक चक्कर,” स्वप्नाली म्हणाली. “एकदा जरी केकाटली तर जीप यांची.”

“रामप्रसाद, बस मागे,” काका हसून म्हणाले. “दहा मिनिटांत परत येऊ. ए, केकाटली की सांगा रे मला!”

मांजरसुंब्याकडे रस्ता रुंद झाला. समोर चढ आला आणि बबनमामांचे दोन्ही हात आपोआप उठले.

“मामा!” तिघं ओरडली. “चढावर नाही! एक हात स्टिअरिंगवर!”

हात खाली आले. चढ संपला. सपाट, मोकळा रस्ता. जीप चौथ्या गिअरमध्ये घोंघावत होती.

“आता,” स्वप्नाली म्हणाली. तिने पुढे वाकून दांडीकडे बोट केलं. “क्लच... दांडी मागे... क्लच सोडा.”

खट्!

इंजिनाचा घोंगाट उतरला. चाकं तशीच पळत राहिली. वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला, मग बाजूच्या ट्रॅक्टरवरचं गाणंसुद्धा!

आणि अचानक मागून घुर्रर्र आवाज आला.

“आला! आला आवाज!” रामप्रसाद आनंदाने ओरडला. “जीप आपली!”

“तो काकांचा आहे,” धनश्री म्हणाली.

विजयसिंहकाका रामप्रसादच्याच खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले होते. कपिलधारचा फाटा आला तरी ते घोरत होते. रामप्रसादने हलवून उठवलं तेव्हा ते दचकून म्हणाले, “निघालो का आपण?”

“पोचलो, साहेब,” रामप्रसाद खांदा झटकत म्हणाला. “एवढी गप गाडी भंगारात घेतली तर देव मला माफ करणार नाही. मला फाट्यावरच सोडा.”

काकांनी जांभई दिली. नवी गाडी घेतल्यापासून ते प्रवासात कधी झोपले नव्हते. तिचे हप्ते आठवायचे. “राहू दे मग जीप,” ते म्हणाले. “पोरांनो, मानलं तुम्हाला! निवडणुकीत माझा प्रचार कराल का?”

“कोणती निवडणूक?” सत्यमने विचारलं.

काका बाहेर बघू लागले.

“बबन,” आप्पा म्हणाले, “डावीकडे घे. वस्तीवर जाऊ.”

दांडी पुढे गेली, जीप रस्ता सोडून दगडांत उतरली आणि काकांसकट सगळे उडू लागले. वस्तीवर भिवराबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

“आलात व्हय डॉक्टर! उन्हाळ्यापासून वाट बघतीया. म्हैस वाट बघून बघून आपोआप बरी झाली!”

आप्पांनी कानामागे हात धरला. “काय झालं म्हणता?”

“बरी झाली! पर आता आलाच हात तर बघा. रेडकू दूध पीत न्हाई कालपासून.”

आप्पा जीपमधून उतरले. उतरताना त्यांनी काठी स्वप्नालीकडे दिली आणि परत मागितली नाही. गोठ्यात वाकून त्यांनी रेडकाचं पोट चाचपलं, मग हसून हात केला.

“धनश्री, पेटीतली छोटी, स्वच्छ पिचकारी आण! सत्यम, याचं तोंड धर. स्वप्नाली, औषध तू पाजायचंस. जीपला पाजता येतं, तर रेडकू काय अवघड? माझ्या इतक्या वर्षांत एवढे चांगले कंपाउंडर मिळाले नाहीत मला!”

तिघांच्या छात्या फुगल्या. सत्यमने रेडकाचं तोंड धरलं. रेडकाने सत्यमची टोपी धरली.

“चोरी!” सत्यम ओरडला. या वेळी मात्र ती खरंच चोरी होती.