पाचवं लिंबू

दसऱ्याच्या सकाळी चऱ्होलीत गाड्यांची पूजा चालली होती. जमिनींना भाव आल्यापासून गावात बैल फारसे उरले नव्हते, पण झेंडूच्या माळा घालून घ्यायला गाड्या मुबलक होत्या. त्यांत सगळ्यात दांडगी रविराजची. काळाकुट्ट पिकअप, इंजिन असं की चालू केलं की शेजारच्यांच्या खिडक्या हलाव्यात. कंपनीचे टायर काढून त्याने उंच, रुंद टायर बसवले होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. रविराजच्या हौसेपायी मात्र बायको माहेरी जाऊन बसली होती.

महिन्यापूर्वी चार महिन्यांची लेक बायकोच्या, सायलीच्या, मांडीवर असताना त्याने गाडी एकशेचाळीसवर नेली. दुसऱ्या दिवशी सायली बॅग भरून माहेरी, राजगुरुनगरला, निघून गेली. काल तिचा फोन आला होता.

"उद्या दसरा. दिवस मावळायच्या आत पोरगी आपल्या घरात आली पाहिजे. सावकाश चालवत या. आता जर तसं केलंत, तर मी पुन्हा यायची नाही."

हे तिने इतकं शांतपणे सांगितलं, की रविराजला रात्रभर झोप लागली नाही.

त्याच्या आईने, छबूबाईने, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि पाचवं त्याच्यापुढे धरलं.

"ह्ये खालच्या चाकाला."

"आई, ती स्टेपनी हाय. गाडीखाली टांगलेली. तिला कुठलं लिंबू?"

"चाक हाय न्हवं? मग त्याला मान नको?"

रविराज हसला. लिंबू त्याने गेटच्या खांबावर ठेवून दिलं आणि गाडी पुढे घेतली. चार लिंबं फुटली.

त्या स्टेपनीचंही सांगायला हवं. नवा रुंद टायर गाडीखालच्या जागेत मावेना, म्हणून मोशीच्या ज्ञानदेव टायरवाल्याने दुकानात पडलेलं एक जुनं, बारीक चाक तिथे अडकवून दिलं होतं. "नावापुरतं असू द्या, रवीभाऊ." कुणाचं, कुठलं, हे रविराजने विचारलं नाही. स्टेपनीचं गोत्र कोण विचारतो!

चाकणच्या चौकातली गर्दी टाळायला त्याने एमआयडीसीतला रस्ता धरला. एरवी इथे कंटेनरच्या रांगेत अर्धा अर्धा तास जातो. आज कंपन्या बंद होत्या. गेटांना झेंडूची तोरणं, सिक्युरिटीच्या खुर्च्या रिकाम्या, कुठे मशीनची घरघर नाही. भर बारा वाजता रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि तिथेच मागचं डावं चाक बसलं.

घाम गाळत त्याने स्टेपनी लावली. नट बसले, हेच नशीब. पण तीन चाकं उंच आणि एक बुटकं. गाडी लंगड्या बैलासारखी एका अंगावर झुकली. डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागले. चाळीसच्या वर जायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

टप... टप... टप...

टायरला आतून ठिगळ असावं. एका जागी फुगवटा आला होता, तो दर फेऱ्याला रस्त्यावर आपटत होता. रविराजने गाडी वीसवर आणली. आवाजही संथ व्हायला हवा होता. झाला नाही. चाळीसवर नेली. आवाज तोच. कुणीतरी आपल्याच चालीने, न घाई करता, शेजारून चालल्यासारखा.

त्याने करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली.

टप... टप...

आणखी दोन ठोके पडले. मग शांत झालं.

रविराज खाली उतरला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भर उन्हात भीती वाटते याची लाजही वाटत होती. सासुरवाडीला पोचेपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही.

सासऱ्यांच्या अंगणात गाडी लावून त्याने आधी ज्ञानदेवला फोन लावला.

"ते बारीक चाक कुणाचं रे?"

ज्ञानदेवने उलट विचारलं, "का हो, भाऊ?"

"सांग."

"एक जण पंक्चरला टाकून गेला व्हता. बायको-पोरीला माहेरास्नं घेऊन येतो, येताना चाक नेतो, म्हणला. वर्स झालं. ती गाडी घाटातनं दरीत गेली, भाऊ... माणसं आन् चारी चाकांसकट. ह्ये एकटंच माझ्याकडं ऱ्हायलं."

"आन् तू ते माझ्या गाडीला लावलंस?"

"लोखंडाला काय व्हतंय, म्हणलं..."

सायली लेकीला घेऊन दारात उभी होती. रविराजने गाडीला कुलूप घातलं.

"आपण एसटीनं जाऊ."

"तुम्ही? एसटीनं?" महिन्याभराने ती हसली. "गाडीला काय झालं?"

"इथंच राहू दे तिला. पोरगी माझ्याकडं दे."

चाकणपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. सगळ्या वाटेत त्याने लेकीला छातीपासून दूर केलं नाही. सायली त्याच्याकडे बघत होती आणि तिला वाटत होतं, माणूस सुधारला. त्यालाही वाटत होतं, आज आपण वाचलो. ते चाक लेकीखाली जाऊ दिलं नाही, याचा त्याला खरोखर आनंद झाला होता.

दिवस मावळायला थोडा अवकाश असताना ते गेटपाशी उतरले. भाकरतुकडा घेऊन छबूबाई धावत आली.

"आत्ता आलास व्हय? मग मघाशी कोण आलं व्हतं?"

"कधी?"

"ह्ये काय, घटकाभर झाली. गेटातनं टप टप वाजलं. म्हणलं, तूच आलास. दार उघडलं, 'ये, आत ये' म्हणलं... बघते तर कुणीच न्हाई."

रविराजने गेटच्या खांबाकडे पाहिलं. लिंबू तिथे नव्हतं. ते सकाळच्या चार लिंबांच्या शेजारी पडलं होतं, चिरडलेलं, अजून ओलं.

तिथून एकाच चाकाची बारीक खूण निघाली होती. सड्यावरून ती सरळ रांगोळीत शिरली होती. रांगोळी मधोमध फाकली होती आणि पांढरा माग उंबरा ओलांडून फरशीवर गेला होता. थोड्या थोड्या अंतरावर त्यात एक जाड ठिपका होता, फुगवट्याचा.

"सायली, थांब. पोरीला आत नेऊ नकोस."

तो एकटा आत गेला. माग मधल्या खोलीत वळला होता. नातीसाठी छबूबाईने सकाळीच तिथे पाळणा बांधला होता, नवी दुपटी अंथरली होती. पांढरी रेघ पाळण्याखाली जाऊन संपली होती.

रविराजने गुडघ्यांवर बसून सगळी फरशी पाहिली. पलंगाखाली, दाराआड, भिंतीच्या कडेने. आत आल्याची खूण होती. बाहेर गेल्याची कुठेच नव्हती.

बाहेर लेक रडायला लागली, आणि सायली म्हणाली, "अहो, दिवस मावळला. आता तरी येऊ का आत?"