साडेदहा प्रकाशवर्षं

टोकोनाओ गावातून आमच्या, ताऱ्यांकडचे रेडिओ संदेश टिपणाऱ्या अँटेनापर्यंत जीपने दोन तास लागतात. वर पठारावर, पाच हजार मीटर उंचीवर, गवताची काडीही उगवत नाही. गाडीतून उतरलं की आधी नाकाला प्राणवायूची नळी लावायची, मग बोलायचं. मी, नेलिदा चोके, तिथली यंत्रं सांभाळते. माझा थोरला भाऊ सेल्सो तिथेच मेकॅनिक होता.

ताऱ्यांवर कुणीतरी राहतं याची सेल्सोला खात्री होती. आमचे प्रमुख, डॉक्टर एव्हरिस्तो लिरा, जेवताना त्याची खेचायचे.

"अरे, आपलं सगळ्यात वेगवान यान धाडलं तरी तुझ्या त्या ताऱ्यावर पोचायला दोन लाख वर्षं लागतील. तिकडून येणार कोण? तुझी आजी? लामाच्या पाठीवर बसून?"

"यानातूनच यायला पाहिजे असं थोडंच आहे, डॉक्टर," सेल्सो कोकाची पानं चघळत म्हणायचा.

एका ऑगस्टमध्ये मंत्री यायचे होते. अँटेनाच्या तबकडीवर बर्फ साचलं होतं. प्राणवायूची भरलेली सिलिंडरं लिरांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवली आणि सेल्सोला जवळजवळ रिकामं सिलिंडर देऊन बर्फ काढायला वर चढवलं. तो शिडीवरच गुदमरून गेला. अहवालात लिरांनी लिहिलं, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. आईने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

त्याच दुपारी मी एकटी कामावर होते. प्रक्षेपक सुरू करून रोख सेल्सोच्या ताऱ्यावर धरला. अंतर साडेदहा प्रकाशवर्षं. लिरांनी मंत्र्यांसमोर केलेल्या भाषणाची टेप लावली, आणि शेवटी माझ्या आवाजात एवढंच बोलले, "हा माणूस. याला न्या."

माझा विश्वास नव्हता. फक्त संताप कुठेतरी फेकायचा होता.

जायला साडेदहा वर्षं, यायला साडेदहा. एकवीस वर्षांनी, त्याच आठवड्यात, भर सकाळी अकरा वाजता स्पीकरमधून धाप ऐकू आली. वरच्या विरळ हवेत माणूस घेतो तशी. तुटकी.

लिरा निवृत्त होऊन टोकोनाओतच राहत होते. मी त्यांना मुद्दाम बोलावून ऐकवलं.

"कुठला तरी माइक उघडा राहिलाय तुझा," ते म्हणाले.

आम्ही सगळे माइक काढून ठेवले. धाप चालूच राहिली. लिरांनी हळूच विचारलं, "कोण आहे गं?"

"तुम्हीच सांगा, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी अँटेना ताऱ्यावरून हटवली, तरी आवाज तसाच. तिसऱ्या दिवशी मी ती क्षितिजापर्यंत झुकवून चहूकडे फिरवली. आवाज सगळ्यात मोठा येत होता तो टोकोनाओकडून.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात, पेअरच्या झाडाखाली बसले होते. ओठ निळे पडलेले. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, फुप्फुसं अगदी स्वच्छ आहेत, पण रक्तात प्राणवायू नाही.

"नेलिदा, बंद कर ते."

"यंत्र तर वर पठारावर आहे, डॉक्टर."

"नाही. इथे आहे." त्यांनी छातीवर हात ठेवला. "जीपमध्ये सिलिंडर असेल ना?"

दोन होती. भरलेली.

"नाही," मी म्हटलं.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. उन्हात त्यांच्या नखांचा रंग बदलत गेला. मला वाईट वाटलं नाही. आईची आठवण आली. पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पठारावर गेले. आता स्पीकरमध्ये दोन श्वास होते.

एक धापा टाकणारा. तो लिरांचा, हे मी लगेच ओळखलं.

दुसरा सावकाश, निवांत. मला वाटलं, सेल्सो. सुटला बिचारा.

मी खुर्ची पुढे ओढली. नीट ऐकू यावं म्हणून माझा श्वास रोखून धरला.

स्पीकरमधला निवांत श्वासही थांबला.