नर्सबाईंची बॅटरी

"जुना माल पुसून नवा म्हणून विकता तुम्ही!" नर्सबाईंनी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत मला हे ऐकवलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

बावीस वर्षं मी मोटारसायकलच्या बॅटऱ्यांचं काम करतोय. असं बोलायची कोणाची हिंमत झाली नव्हती. पण बाईही खोटं बोलत नव्हत्या. एका महिन्यात तीन बॅटऱ्या, तिन्ही ठार. गाडी सकाळी झोकात दवाखान्यात जायची, दुपारी साडेबाराला घरी निघताना बटण दाबलं की नुसतं टक् टक्. त्या गाडीला किकही नाही.

"आईला एकच्या ठोक्याला इन्सुलिन लागतं," बाई म्हणाल्या. "तिला दिसत नाही, स्वतःचं स्वतः घेता येत नाही. वीस मिनिटांचा रस्ता, पण परवा मी पाऊण तास उशिरा पोचले. तिचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही भरून देणार?"

"लाइट चालू राहत असेल."

"मी काय काल गाडी शिकले?"

मग मीही हट्टाला पेटलो. गाडी ठेवून घेतली. वायरिंग चाचपलं, इंजिन चालू करून मीटर लावला. चौदा पॉइंट दोन व्होल्ट, चार्जिंग चोख. लीकेज कुठंच नाही. शेवटी बॅटरी काढून चार्जरला लावली, काठोकाठ भरली, आणि दुसऱ्या दिवशी बाकावर एकटी ठेवली. तिला मीटरच्या दोन वायरी, बाकी काही नाही. बाईंना फोन केला, "बारा वाजता या. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बाई आल्या, तोंड फुगवून स्टुलावर बसल्या. मीटर बारा पॉइंट सात दाखवत होता.

"बघा," मी म्हणालो, "पैलवान आहे पैलवान!"

साडेबाराला आकडा एकदम दहावर कोसळला आणि लगेच वर आला.

मी वायरी हलवून पाहिल्या. घट्ट होत्या. सेल्फ मारला की आकडा असा पडतो, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण सेल्फ मारायला गाडी नको? बाईंची गाडी दारात उभी होती आणि तिचा बॅटरीचा खण रिकामा होता.

मग आकडा चढला. चौदा पॉइंट दोन. म्हणजे इंजिन चालू.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"मलाच विचारताय?" मी खेकसलो. खरं सांगतो, भीती नाही, संतापच आला. माझ्या बाकावर, माझ्या मीटरवर ही थट्टा! मी मीटर बदलला. दुसराही तेच दाखवू लागला. बॅटरीवर हात ठेवला तर ती बारीक थरथरत होती.

वीस मिनिटं आकडा हलला नाही. बाई घड्याळ बघत होत्या, रिक्षा शोधते म्हणून उठल्या. तेवढ्यात आकडा खाली-वर झाला. दोनदा चटकन, एकदा लांब.

"हॉर्न," माझ्या तोंडून गेलं.

बाई जागीच थांबल्या. "मी असाच देते. आमच्या फाटकापाशी. आईला कळावं म्हणून."

आकडा बारा पॉइंट सातवर येऊन थांबला. म्हणजे इंजिन बंद. तिन्ही खेपांना फाटकापर्यंत पोचायच्या आधीच बॅटरीनं मान टाकली होती. या खेपेला मी तिला काठोकाठ भरून दिलं होतं.

बाईंनी घरी फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून फोन बाकावर ठेवून स्पीकर चालू केला.

"आई, मी बोलतेय. दार उघडू नकोस कोणाला."

म्हातारी हसली. "चेष्टा करता का हो? माझी लेक आत्ताच आली. आज अगदी वेळेवर. इंजेक्शन भरतेय."

"आई, अगं मी इथं आहे!"

पलीकडे पावलं वाजली. मग आवाज आला. बाईंचाच, थोडा दमलेला.

"ठेव आई, राँग नंबर असेल. बाही वर कर."