आंब्याखाली थांबणारी लॉरी

लॉरी आली ती थेट जनाच्या छपरापुढं थांबली. ड्रायव्हर उतरला, त्यानं जनाकडं पाहिलं – चांगलं पोटभर पाहिलं – मग तिच्या पेटत्या चुलीकडं पाहिलं. आणि साप दिसावा तसा मागं फिरला, लॉरीत चढला, धूळ उडवत निघून गेला. पुढं शंभर पावलांवर विहीर होती, विहिरीशेजारी आंबा. त्या आंब्याखाली मैना करवंदं आणि ताक घेऊन बसायची. लॉरी तिथं जाऊन थांबली.

जनाची तव्यावरची भाकरी करपली.

लोधिवलीच्या सडकेवर जना चहा-भाकरी विकायची. वय वीस. तेराव्या वर्षी लग्न झालं, दुसऱ्याच महिन्यात नवरा पटकीनं गेला, तेव्हापासून ती आईजवळ. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. पण विधवेला माणूस गावानं शोधायचा. तिनं स्वतः डोळा वर करून बघितला की तेच गाव थुंकतं. अशा गावाला जना भीत नव्हती. पण एक परका माणूस आपल्याला नीट बघून पळाला, हे मात्र तिला काट्यासारखं सलत राहिलं.

गाडीवानांकडून कळलं, त्याचं नाव सहदेव, कर्जतकडच्या कोंडाण्याचा. लॉरीवर पेट्रोलची टाकी. थंडीत ती आठवड्यातून एकदा जायची. वैशाख लागला, साहेब लोक मोटारी घेऊन खंडाळ्याला गारव्याला निघाले, तशी रोज धावू लागली. साहेबांनी वर वारा खायचा, त्यांच्या मोटारींनी पेट्रोल प्यायचं, आणि ह्यानं तापल्या पत्र्यात भाजत ते घाट चढवायचं. ना सणाची सुट्टी, ना तापाची. मृग लागला की साहेब खाली येणार, लॉरी दसऱ्यापर्यंत बंद. पंधराच दिवस उरले होते, आणि ते पंधराच्या पंधरा आंब्याखाली जाणार होते.

मैना वरच्या ठाकरवाडीची. हसली की तिचे दात करवंदांनी जांभळे दिसायचे. आजवर जनाला ते दात गोड वाटत. आता बघवेनात.

एका दुपारी जना भरलेली घागर ओतून विहिरीवर गेली. सहदेव ताक पीत होता.

"ताक लई गोड लागतंय वाटतं," ती पोहऱ्याकडं बघत म्हणाली.

"ताक कसं गोड लागंल? आंबट हाय."

"मग रोज कशाला प्यायचं?"

तो कानाची पाळी चोळत राहिला. "चहाच प्यावासा वाटतो, बाई. पण... तुमच्याकडं यायचं धाडस होत नाय."

"मी काय वाघीण हाय?"

"वाघीण परवडली," तो म्हणाला आणि हसला. त्याच्या गालाला खळी पडली, आणि जनाचा दोर हातातून निसटता निसटता राहिला. ती परत आली ती दोन गोष्टी घेऊन – ती खळी, आणि मैनाच्या टोपल्यामागं दिसलेला नवा कोरा पत्र्याचा डबा. असा डबा ह्या गावात लग्नात आहेर देतात. कुणी दिला, हे विचारायची गरजच नव्हती.

ती रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी तिनं चुलीचे तीन दगड उचलले, लाकडं डोक्यावर घेतली आणि चूल थेट आंब्याखाली मांडली. आई ओरडत होती, ऐकतंय कोण. मैनानं टोपलं बाजूला सरकवून जागा दिली, त्याचाही जनाला राग आला. तिनं जाळ चांगला फुलवला. आता बघू, म्हणाली मनात, ताक पितो का चहा.

वळणावर लॉरी दिसली. सहदेवनं चूल पाहिली... आणि लॉरी न थांबता भरधाव निघून गेली.

मैना तो नवा डबा घेऊन उठली होती. डब्यात काठोकाठ पाणी होतं. "पाणी न घेताच गेला गं," ती म्हणाली. "मोटार उकळंल आता त्याची."

उकळलीच. अर्ध्या कोसावर बंद पडली. घामानं निथळत सहदेव चालत माघारी आला, पण जाळापासून लांबच उभा राहिला.

"चूल इथं कुणी आणली?"

"मी आणली. काय म्हणणं हाय?"

"टाकीत पेट्रोल हाय, जना." बाई म्हणायचं तो विसरला होता. "एक ठिणगी पडली तर तू, मी, ही मैना, कायबी उरणार नाय. इस्तवापासून शंभर पावलं लांब ऱ्हायचं असा कायदा हाय. माझ्या कपड्यांवर सांडलेलं असतंय, म्हणून चालतबी येत नव्हतो. आमचा लॉरीवरचा धाऊ एका बिडीपायी माझ्या डोळ्यांदेखत जळाला. टाकीमागं लाल अक्षरांत लिवलंय की समदं."

"आमाला वाचता येतं?"

"इंग्रजीत हाय," तो खाली बघत म्हणाला. "मलाबी येत नाय."

जळायचं ह्यांनी, आणि अक्षरं मात्र साहेबांची.

जनानं मान वळवली. "आन् डबा?"

मैना मोठ्यानं हसली. "मोटारीच्या पाण्याचा हाय गं बये. मी भरून ठेवते. आन् हा रोज ताक पितो नि रोज इचारतो, जनाला कुणी बघाय आलं का. माझे कान किटले."

सहदेवचे कान लाल झाले. जनानं जाळावर घागर ओतली, दुसरी भरून डोक्यावर घेतली आणि लॉरीच्या दिशेनं चालू लागली.

चूल परत छपरात आली, आणि त्या दिवसापासून लॉरीची वेळ झाली की जना ती विझवायची. चहाला ताटकळलेले गाडीवान शिव्या घालायचे. भरदुपारी चूल विझवणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. ती निखाऱ्यांवर पाणी मारायची, राख हातानं चाचपून बघायची, मग रस्त्याकडं डोळे लावायची.

मृगाच्या आदल्या दिवशी लॉरी शेवटची आली आणि तिच्या छपरापुढं उभी राहिली. जनानं मघाशी करून ठेवलेला चहा पुढं केला. वर साय धरली होती.

"थंड हाय."

त्यानं तो घोट घोट करत, संपू नये असा प्यायला.

"दसऱ्याला येतो," तो म्हणाला. "लॉरीनं नाय, बैलगाडीनं. तुझ्या आईशी पाटाचं बोलायला. तवा चूल नको विझवू."

जनानं कप परत घेतला, पण त्याची बोटं लगेच सोडली नाहीत.

"गरम देईन," ती म्हणाली. "पण गाडी आंब्याखाली सोडलीस तर बघ."