कन्हानकाठचा मुक्काम

विशालला जाऊन सहा दिवस झाले, तेव्हा त्याचे वडील पुंडलिकराव तिगावहून सौंसरला अर्चना गजभिये यांच्याकडे आले.

अर्चनाताई एकेकाळी नागपूरला पोलिसांच्या ठसे विभागात होत्या; आता खासगी तपासाची कामं घेत. हेमराजभाऊंनी पांढुर्ण्याचा फोटो स्टुडिओ मुलाकडे सोपवला होता. ते ताईंची गाडी चालवत आणि टिपणं ठेवत.

"माझा पोरगा पाण्याले भेत होता, ताई," पुंडलिकराव म्हणाले. "पोलीस म्हणतात, एकटाच नाव घेऊन गेला. मस्ती नडली. मले हे पटून नाई राहिलं."

विशाल नागपूरच्या एका कंपनीत होता. नदीची पातळी मोजणारी यंत्रं बसवायला तो, पूनम आणि त्यांचा वरिष्ठ केतन असे तिघं पांढुर्ण्याला निघाले होते. केतनला नौकाविहाराचा नाद. गाडीच्या टपावर त्याची कनू, म्हणजे फायबरची निमुळती नाव, बांधलेली होती. त्याच्याच हौसेखातर वाटेत कन्हान नदीच्या काठी तंबू ठोकून मुक्काम झाला. सकाळी विशाल नव्हता. नाव मैलभर खाली उलटी अडकली होती आणि तिच्या पुढे त्याचा देह.

केतन पांढुर्ण्याच्या लॉजवर भेटला. रडून डोळे सुजलेले होते. सगळं त्यानं नीट सांगितलं. आदल्या दिवशी दिवस मावळता मावळता पोचल्यामुळे कुणीच पाण्यात उतरलं नव्हतं. तरंगायचं जाकीट एकच, त्याचं स्वतःचं; ते गाडीतून काढून बाभळीच्या फांदीला अडकवलं ते तसंच राहिलं. पहाटे साडेपाचला वाळूवरून नाव ओढत नेल्याचा आवाज त्यानं ऐकला, पण कूस बदलून तो पुन्हा झोपला. आठला पूनमनं हाक मारली तेव्हाच तंबूबाहेर आला.

पूनमच्या उजव्या मनगटाला अजून पट्टी होती. तंबूचे खुंटे ठोकताना हात मुरगळला, पट्टी केतननंच बांधली, पाण्याचा पेलासुद्धा त्या हातानं धरवेना, असं ती म्हणाली. सातला तिनं आपल्या वेगळ्या तंबूच्या तोंडाशी उभं राहून मोबाइलवर एक फोटो काढला होता. विशाल नाही हे तेव्हा तिला ठाऊकही नव्हतं.

हेमराजभाऊंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. नदीवर धुकं, डावीकडे बाभळीला लाल जाकीट, तंबूपासून पाण्यापर्यंत दवानं भिजलेली वाळू आणि तिच्यावर पावलं. फ्रेम छान जमली होती. याहून जास्त त्यांना काही दिसलं नाही. ताई मात्र बराच वेळ फोटो मोठा करून पाहत होत्या.

शेवटी तुळशीराम. नदीला लागूनच त्याचा संत्र्याचा बगिचा. हे लोक बांधावर गाडी लावून बसले म्हणून त्याची केतनशी बोलाचाली झाली होती, म्हणून हेमराजभाऊंचा संशय त्याच्यावरच होता.

"सहाले तोड सुरू केली आम्ही. चार मजूर पाचपासूनच होते संगं," तुळशीराम म्हणाला. मजुरांनीही तेच सांगितलं. "त्या सांजेले भांडण मिटल्यावर गाडीवरून नाव उतरवाले मीच हात लावला, बापा. मी अन् केतनभाऊ, दोघायची कंबर मोडली. एकट्यानं ते उचलत नाई."

"नदीत कुणी ओरडलं असतं तर?"

"ऐकू आलं असतं. शंभर पावलं तं आहे. पाचही जणं पोहणारे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी सगळ्यांना नदीवर बोलावलं. पुंडलिकराव दगडावर बसले. ताई बोलू लागल्या.

"केतन, नाव ओढत नेल्याचा आवाज तुम्ही ऐकलात. या फोटोत ओल्या वाळूवर पावलं आहेत, ओढल्याचा चर नाही. म्हणजे नाव उचलून नेली. उचलायला दोघं लागतात. पूनमचा हात जायबंदी होता. तुळशीराम पाचपासून चौघांसमोर होता. उरलं कोण?"

केतनची नजर बाभळीकडे गेली.

"आता जाकीट. ते पाण्यात गेलंच नाही म्हणता. फोटोत त्याच्याखाली वाळूत थेंबांचे खड्डे दिसतात. शेजारच्या फांद्यांखाली एकही नाही. दवानं असं नेमकं जाकिटाखालीच निथळत नाही. सातच्या आधी ते घालून कुणीतरी नदीत पडलं होतं आणि परत आलं होतं."

केतन वाळूवर बसला. "मीच उठवलं त्याला, साडेसहाला. भीती काढतो म्हटलं. काठाकाठानंच जायचं होतं. खडकाशी नाव उलटली. त्यानं माझा गळा धरला, दोघंही खाली जायला लागलो. मी त्याचे हात सोडवले."

"बुडताना हात सोडवले, त्याला मी खून म्हणणार नाही. पुढचं सांगा."

"काठावर आलो. तो दोनदा वर आला. मी... मी ओरडलो नाही. मलाच विचारतील, जाकीट तू का घातलंस? कपडे बदलले आणि तंबूत जाऊन पडलो."

तुळशीरामनं तोंड फिरवलं. हेमराजभाऊंना टिपण पुरं करवेना. शंभर पावलांवर पाच माणसं संत्री तोडत होती.

ताई म्हणाल्या, आता इथून सरळ ठाण्यात.

पुंडलिकराव उठले. केतनच्या अंगावर धावून जातील म्हणून हेमराजभाऊ पुढे झाले, पण म्हातारा हात जोडून ताईंकडे वळला.

"ठाण्याच्या आधी तिगावले चला, ताई. त्याची माय सुशीला सात दिवसांपासून पोराच्या फोटोले हार नाई घालून राहिली. म्हणते, मायबापाचं न ऐकता पाण्यात गेला." मग पुंडलिकराव केतनकडे पाहून म्हणाले, "तो बोलावल्यावर गेला होता, एवढं तूच तिले सांग."

केतननं मान हलवली. हेमराजभाऊंनी गाडीचं मागचं दार उघडलं. आधी पुंडलिकराव बसले, आणि शेजारची जागा त्यांनीच केतनला करून दिली.