तळघरातली ओ

रोज दुपारी जेवणानंतर तासभर मौन, हे माझं लग्नाआधीपासूनचं व्रत. प्रवासातही ते कधी मोडलं नाही. यांनी त्यावरून माझी थट्टा पुष्कळ केली, पण त्या तासात मला बोलायला कधी लावलं नाही.

त्या दिवशी मौनाची वेळ झाली तेव्हा आम्ही एका युद्धसंग्रहालयाच्या तळघरात होतो. लढाईच्या दिवसांत बॉम्ब पडायला लागले की आसपासची माणसं तिथे येऊन बसत. बुटकं छत, भिंतीलगत लाकडी बाकं, खुंट्यांवर कुणाकुणाचे कोट, कोपऱ्यात पाण्याची बादली. ओल्या चुन्याचा वास. वर जायला एकच जिना आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी दार.

किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई सोबत होत्या. "दार लावायच्या आधी वरून हाक मारायची, ही तेव्हापासूनची पद्धत," त्या म्हणाल्या. "आत कोणी असेल तर ओ द्यायची. आम्ही अजून तेच करतो. खाली उतरून बघत नाही."

"का हो?" यांनी विचारलं.

"गुडघे दुखतात," बाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

मी ओठांवर बोट ठेवून यांना खूण केली आणि बाकावर टेकले.

"बस बाई. मी तोफा बघून येतो," हे म्हणाले. "त्याही हल्ली मौनातच असतात."

दोघं वर गेली. मी डोळे मिटून नाम घेऊ लागले. बाक गार होतं. शेजारची फळी मात्र हाताला कोमट लागली, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

काही वेळाने वरून हाक आली. "आत कोणी आहे का?"

ओ देणं म्हणजे बोलणंच. मी उठले आणि जिन्याकडे निघाले. बाईंना दिसले की झालं.

"नाही," माझ्या मागून कुणी म्हणालं. "कोणी नाही."

आवाज माझा होता.

दार लागलं. दिवा गेला. तेव्हा मी व्रत मोडलं. ओरडले. ओठ हलले, घसा ताणला गेला, शब्द बाहेर आला नाही. दार दोन्ही हातांनी बडवलं. लोखंड हाताला लागत होतं, पण वाजत नव्हतं.

फटीतून यांचं बोलणं ऐकू आलं. "अगं, मौन सुटलं का इतक्यात?"

"सुटलं एकदाचं," माझा आवाज म्हणाला. "चला, उशीर होतोय."

हे हसले. दोघांची पावलं दूर गेली.

त्यानंतर दार रोज उघडे. मी शेवटच्या पायरीवर पाय ठेवी आणि पुन्हा बाकावर असे. मी कुणाला दिसत नव्हते. लोक येत, माझ्याशेजारी बसत, "इथे फार गारठा आहे" म्हणत सरकत. बाईंची हाक आली की कुणी ना कुणी ओ देई, आणि माझा जीव भांड्यात पडे. आपल्यापायी कुणी अडकलं नाही, एवढंच पुण्य माझ्या गाठीला उरलं होतं.

मग एक तरुण बाई आली. दमलेली, कानात इअरफोन. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

"आत कोणी आहे का?"

मी तिचा खांदा हलवला. तिला कळलं नाही.

पुन्हा हाक आली. 'आहे, थांबा,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी सगळा जीव गोळा केला.

घशातून आवाज फुटला. तिचा.

"नाही. कोणी नाही."

डोळ्यांवर ऊन आलं. एका अनोळखी लहान मुलीने माझं बोट धरलं होतं. "आई, किती वेळ लावलास."

मी मागे वळून दाराकडे धावले. बाईंनी कुलूप ओढून पाहिलं.

"तुम्ही बाहेर आलात ना?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मग आत कोणी नाही."

आता मी त्या मुलीच्या घरी असते. दुपारी जेवणानंतर तासभर खोलीत गप्प बसते. फिरून आल्यापासून हिला हे नवं खूळ लागलंय, असं घरातले म्हणतात.

मुलगी दाराशी येते. हळूच विचारते, "आई, आत तूच आहेस ना?"

अजून तरी मी ओ दिलेली नाही.