पुलापलीकडून आणलेली गाडी

"नवरा सोडून गेला, ठीक आहे," ऐला दारातच म्हणाली. "पण घरापर्यंत येऊन, मला न भेटता परत का गेला, एवढं शोधून द्या."

हिल्का रांतलाने आधी तिच्या हातात कॉफी दिली. हिल्का फिनलंडच्या सीमेवरच्या तोर्निओच्या कस्टममधून निवृत्त झालेली. आता लोकांचे घोळ निस्तरायची. तिचा मेव्हणा वेइक्को हा जुना टॅक्सीवाला. तो तिला सगळीकडे नेई आणि वाटेत मतं देई, बहुतेक चुकीची.

महिन्यापूर्वी ऐलाचा नवरा यालमारी नदीच्या पुलापलीकडे, स्वीडनहून जुनी गाडी आणायला गेला होता. ऐलाच्या भावाच्या, ओइवाच्या पिकअपमधून दोघं गेले. परतताना यालमारी नव्या गाडीत पुढे, ओइवा पिकअपमध्ये मागे. ऐला माशांचं सूप करून वाट बघत झोपून गेली. सकाळी गाडी बसस्थानकावर सापडली, किल्ली आतच. पोलीस म्हणाले, सज्ञान माणूस आहे, गेला असेल.

"तो घरी आला होता हे कशावरून?"

"ओइवानं पाहिलं ना."

गाडी आता ऐलाच्या अंगणात होती. वेइक्कोने तिला प्रदक्षिणा घातली.

"काय जपलीय! नाक बघ, एक भोक नाही की ओरखडा नाही. लबाडी असेल तर विकणारीचीच."

"बर्फ झाडायचा ब्रश कुठाय?" हिल्का आत डोकावत म्हणाली.

"लाल होता. मीच दिला होता त्याच्याबरोबर," ऐला म्हणाली.

विकणारी गुनेलबाई फोनवर भेटली. "लेकीची गाडी हो, पार दक्षिणेतल्या माल्मोची. तिकडचा हिवाळा म्हणजे नुसता पाऊस. मी त्यांना म्हटलं, थंडीत जपा हिला. तर म्हणाले, आमच्याकडे ऐला जपते, गाडीलाही आणि मलाही."

हे ऐकून माणूस पळून जाणाऱ्यातला वाटेना.

ओइवा त्याच्या गॅरेजमध्ये होता. "मी डोळ्यांनी पाहिलं. अंगणात वळला, विजेच्या खांबापाशी गाडी लावली, वायर जोडली, मला हात केला. मग मी निघालो."

पिकअपचा एक दिवा पिवळट होता, दुसरा नवाकोरा.

"रेनडिअर आडवं आलं," ओइवा म्हणाला.

"पोलिसांना कळवलंस?"

"राहून गेलं."

परतताना वेइक्को म्हणाला, "भला माणूस. रोज बहिणीकडे जाऊन बसतो, धीर देतो."

दुसऱ्या दिवशी हिल्काने ओइवालाही ऐलाच्या अंगणात बोलावलं. थंडीने नाकातले केस ताठ झाले होते.

"वेइक्को, रात्री गाडी लावल्यावर तू पहिलं काय करतोस?"

"हे काय विचारणं झालं? इंजिन गरम राहायला वायर लावतो. नाहीतर सकाळी गाडी हलेल का?"

"मग हिला लाव."

वेइक्कोने खांबावरची वायर ओढली आणि गाडीच्या नाकापुढे वाकला. चाचपडला. शेवटी बर्फात गुडघे टेकून बसला.

"अगं, हिला प्लगची जागाच नाही!"

"माल्मोची गाडी. तिकडे कोण लावतंय वायर? पण इथं जन्मलेल्या माणसाला वायरीशिवाय गाडी सुचतच नाही. म्हणून खोटं रचताना ओइवाने न बघताच गोष्टीत वायर जोडून टाकली. यालमारी अंगणात आलाच नाही."

हिल्का ओइवाकडे वळली.

"ब्रश गाडीत नाही, कारण तो यालमारीच्या हातात होता. मागच्या दिव्यांवर बर्फ साचला, म्हणून तो वाटेत उतरला. आणि मागून कोण येत होतं? रेनडिअर मारलं तर इथं शेंबडं पोरसुद्धा पोलिसांना कळवतं. तू कळवलं नाहीस, कारण ते रेनडिअर नव्हतं."

वेइक्कोच्या हातातली वायर गळून पडली. ओइवाला भला माणूस त्यानेच म्हटलं होतं.

ओइवा बहिणीकडे बघून म्हणाला, "मी फोनकडे बघत होतो. तो जागीच गेला, ऐला, शपथ. पुलाअलीकडच्या झाडीत आहे. गाडी मीच स्थानकावर नेली. वाटलं, तो सोडून गेला असं कळलं, तर तू नुसती चिडशील. रडणार नाहीस."

"म्हणजे तो येतच होता," ऐला म्हणाली. "माझ्याकडेच येत होता."

हिल्काने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला आणि भावासमोर जाऊन उभी राहिली.

"महिनाभर मी त्याला शिव्या दिल्या, ओइवा. रोज. आणि तू माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातची कॉफी पीत, ऐकत होतास."